उरी आई

नवऱ्याच्या नोकरीमुळे दक्षिण कोरियात, सुवोनला आठ महिने राहिले. बुसान, जेजू, सोलचे राजवाडे सगळं बघून झालं. पण मनात राहिलंय ते आमच्या समोरचं घर.

पुण्यात मी बारा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. म्हणून सुवोनच्या एका हागवॉनमध्ये, म्हणजे खासगी क्लासमध्ये, विचारायला गेले. धडा घेऊन दाखवला, मुलं रमली, मॅनेजरबाई खूश. मग त्यांनी पासपोर्ट मागितला आणि विषय संपला. क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका एवढ्याच देशांच्या नागरिकांना मिळतो. या देशात नोव्हेंबरातल्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत इंग्रजी श्रवणाचा भाग सुरू झाला, की मुलांना आवाज नको म्हणून विमानांची उड्डाणं थांबवतात! इंग्रजीचा एवढा ध्यास, आणि ती घासून घासून शिकलेल्या बाईला दार बंद. फार लागलं मला. अजून लागतं.

समोरच्या बाईंना हे कळलं तसं त्यांनी सात वर्षांची लेक माझ्याकडे पाठवली. पैशांचा प्रश्नच नव्हता. बदल्यात त्या मला कोरियन शिकवणार होत्या.

कोरियनमध्ये इंग्रजी 'एफ'चा उच्चार नाही, आपल्या फळातला फ आहे. कॉफीची 'खॉफी' होते, दोन्ही ओठ मिटून. चार म्हणजे 'सा' आणि मृत्यूही 'सा', म्हणून आमच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याच्या बटणावर 'एफ' होतं. पोरगी रोज 'एफू' म्हणत ते दाबायची. मी तिच्यापुढे आरसा धरला. वरचे दात खालच्या ओठावर टेकव, आता नुसती हवा सोड. साताऱ्याला शाळेत बाईंनी मला हे असंच शिकवलं होतं. तीन दिवस आरशावर थुंकी उडाली. चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये ती बटणाकडे बघून म्हणाली, 'एफ'. स्वच्छ!

तिच्या आईने तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, 'उरी आई'. मी चमकून बघितलं. कोरियनमध्ये 'आई' म्हणजे मूल, उरी आई म्हणजे आमचं लेकरू. आमच्याकडे आई कोणाला म्हणतात ते मी खुणांनी सांगितलं. बाईंनी लेकीकडे बोट केलं, 'आई'. मग स्वतःकडे, 'आई'. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, तुझी आई कुठे असते?

साताऱ्याला, म्हटलं.