आमची वाटचाल : काट्याच्या दुरुस्तीपासून कर्नलपर्यंत

वर्धा जिल्ह्यात देवळीच्या बाजूला आमचं वर्कशॉप आहे. सुरुवात वजनकाट्यांच्या दुरुस्तीपासून झाली; आता जिनिंगसाठी कापसाचा ओलावा मोजणारे आणि गाठीचं वजन नोंदवणारे बॉक्स बनवतो. आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या गाभ्यात म्हणजे कर्नलमध्ये मीटरशी बोलणारा ड्रायव्हर आमचा, आणि वरचा प्रोग्रॅम ज्याचा त्याने लिहून घेतलेला. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, हमीभावाला ८ टक्के ओलावा धरते आणि १२ च्या वर कापूस घेत नाही. एकेका टक्क्यावर शेतकऱ्याचे पैसे अडकलेले असतात, म्हणून आकडा वरपर्यंत कसा पोचतो याला आम्ही फार जपतो.

आपलाच एक सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडून काम करून घ्यायची ठरलेली वाट, कर्नलमध्ये घालावा, असा विचार पहिल्यांदा निघाला होता. तो आम्ही बाजूला ठेवला. सिस्टिम कॉलचे नंबर मूळ लिनक्समध्ये ठरतात. आपण परस्पर घेतलेला नंबर उद्या दुसऱ्याच कॉलला मिळाला की नवा कर्नल चढवणं अवघड. म्हणून स्वतःची डिव्हाइस फाइल, म्हणजे ड्रायव्हरशी बोलायची फाइल, आणि त्यावर आयओसीटीएल, म्हणजे त्या फाइलवरून ड्रायव्हरला हुकूम देणारा कॉल. शिस्त मात्र सिस्टिम कॉलचीच.

कोड लिहिण्याआधी आम्ही कॉलचं वर्णन कागदावर लिहितो आणि जिनिंगवरच्या फिटरलाही वाचून दाखवतो. त्यातल्या एकाने तिथेच विचारलं, “भाऊ, मीटर शून्य दाखवते, तं कापूस वायला का वायर तुटली?” शून्य म्हणजे वाळलेला कापूस की बिघाड, हे आकड्यावरून कळत नव्हतं. मला विचाराल तर आमच्या इंटरफेसमधला सगळ्यात मोठा निर्णय त्या प्रश्नाने झाला. कॉल फक्त यश किंवा एरर परत देतो, ओलाव्याचा आकडा स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे माहितीच्या ठरलेल्या साच्यात, वेगळा जातो. प्रोग्रॅमचा अग्रक्रम सांगणाऱ्या लिनक्सच्या गेटप्रायॉरिटी कॉलमध्ये हीच अडचण होती. नाइसचा, म्हणजे त्या अग्रक्रमाचा, आकडा उणे असू शकतो आणि उणे म्हणजे एरर, म्हणून कर्नल तिथे ४० ते १ असे आकडे देतो आणि प्रोग्रॅम व कर्नल यांच्यामधली सी लायब्ररी ते परत उलटवते. हे आयुष्यभर सांभाळत बसावं लागतं.

एकदा गिऱ्हाइकाच्या प्रोग्रॅमने कॉल वापरला की तो मागे घेता येत नाही. उघड्या फाइलच्या नंबरची नक्कल करणाऱ्या लिनक्सच्या डप टू कॉलला फ्लॅगसाठी, म्हणजे जादा सूचनांच्या खुणांसाठी, जागा नव्हती, म्हणून २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ मध्ये डप थ्री आणावा लागला, दोन प्रोग्रॅम जोडणाऱ्या पाइप कॉलचंही तसंच. फाइल उघडणारा जुना ओपन कॉल अनोळखी फ्लॅग मुकाट्याने सोडून देतो, तर २०२० च्या ५.६ मधला ओपनॲट टू एरर देतो आणि स्ट्रक्चरचा साइजही मागतो. आम्ही तेच उचललं: साइज, फ्लॅग, आणि फ्लॅगमध्ये अनोळखी बिट दिसला की सरळ नकार. आमच्याकडे टेस्टिंग बघणारी गावातलीच मुलगी मुद्दाम कचरा बिट पाठवते, आणि एकही पार गेला तर बॉक्स बाहेर पडत नाही. स्ट्रक्चरमध्ये ‘लाँग’ हा आकड्याचा प्रकार वापरायला बंदी आहे, कारण लिनक्सवर तो ३२ बिटला ४ बाइटचा आणि ६४ बिटला ८ चा. वेळ पहिल्यापासून ६४ बिट, कारण जिनिंगमधला बॉक्स वर्षानुवर्षं भिंतीवरच असतो आणि १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटचं घड्याळ संपतं.

यंदा कापसाच्या गंजीचं तापमान त्याच कॉलमध्ये वाढवलं. स्ट्रक्चरच्या शेवटी एक जागा वाढली, साइज बदलला. जिनिंगवाल्यांचे जुने प्रोग्रॅम हात न लावता चालू आहेत.