ब्रिज कार्ड आणि काउंटरवरचे दोन ढीग

अमेरिकेतही रेशन आहे म्हटलं की गावाकडे पटकन कुणाचा विश्वास बसत नाही. इथे त्याला स्नॅप म्हणतात: किराण्यासाठी सरकार दर महिन्याला एका कार्डावर पैसे जमा करतं. जुन्या लोकांच्या तोंडी अजून फूड स्टॅम्पच आहे. साधारण आठ माणसांमागे एक जण या पैशांवर किराणा भरतो. आपल्या आयटीतल्या मंडळींना त्याची फारशी कल्पना नसते, कारण एच-१बी व्हिसावाल्यांना ते मिळत नाही आणि ग्रीन कार्ड झालेल्या प्रौढांनाही बहुधा पाच वर्षं थांबावं लागतं.

मी डेट्रॉइटजवळच्या एका देशी किराणा दुकानात काउंटरला असते, त्यामुळे हे कार्ड रोज हाताखालून जातं. मिशिगनमध्ये त्याला ब्रिज कार्ड म्हणतात. कुटुंबप्रमुखाच्या ओळख क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे महिन्याच्या ३ ते २१ तारखेदरम्यान त्यात पैसे जमा होतात. २०२४ मध्ये देशभराची सरासरी माणशी महिन्याला सुमारे १८७ डॉलर होती, म्हणजे दिवसाला सहा डॉलर आणि वर थोडं.

आमच्याकडे एक बांगलादेशी आजी येतात. आम्ही सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. आधीच्या पावतीवर उरलेली शिल्लक छापलेली असते, ती त्या हातातच धरून असतात. काउंटरवर त्या स्वतःच दोन ढीग लावतात. एकात मसूर डाळ, तांदूळ, वांगी, एखादी गोठवलेली हिल्सा मासळी. दुसऱ्यात साबण, टॉयलेट पेपर, नातीसाठी सॅनिटरी पॅड. पहिला ढीग खाण्याचा म्हणून कार्डावर, त्यावर विक्रीकरही नाही, दुसरा रोखीने. खरं तर मशीन आपोआप वेगळं करतं, पण रोख किती लागणार हे त्यांना आधी कळायला हवं असतं. पैसे कमी पडले की दुसऱ्या ढिगातली वस्तू परत जाते. पॅड परत ठेवायची वेळ आली की मला फार वाईट वाटतं.

गरम खाण्याचंही तसंच. गोठवलेले समोसे कार्डावर चालतात, आमच्या काउंटरवरचा गरम समोसा चालत नाही. ज्याच्याकडे चूलच नाही त्याने काय करायचं? बेघर, वयस्क आणि अपंग लोकांना मिशिगनमध्ये ठरावीक रेस्टॉरंटांत कार्ड वापरता येतं, पण दिवसभर दोन नोकऱ्या करून रात्री नऊला दुकानात शिरणाऱ्या बाईला ती सोय नाही. हा नियम बदलायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही एक गोष्ट मला मनापासून आवडते. हिल्सा घ्यायची की कोंबडी, हे खाला ठरवतात. आपल्याकडे अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी पाच किलो धान्य मिळतं, पण गहू किती, तांदूळ किती हे वरून ठरून येतं. उलट त्या पाच किलोंना महागाई शिवत नाही. इथली रक्कम दर ऑक्टोबरला नव्याने ठरते, आणि मधल्या काळात अंडी महागली की तेवढंच कमी घरी जातं.

२०२५ च्या नोव्हेंबरात तर पैसेच वेळेवर आले नाहीत. ऑक्टोबरपासून अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कामकाज बंद होतं आणि चार कोटींवर लोकांचं अन्न वादात अडकलं. लोक आधी शिल्लक तपासायला यायचे आणि रिकाम्या हाताने जायचे. दहा किलोची तांदळाची पोती तशीच पडून राहिली, एक-दोन किलोच्या पिशव्या मात्र संपल्या. पैसे पुन्हा यायला लागल्यावरही कितीतरी दिवस लोक सामान घेण्याआधी मला विचारायचे, "नक्की आलेत ना?"

आणि हो, या कार्डावर भाज्यांचं बी आणि रोपंही घेता येतात. उन्हाळा जवळ आला की आमच्याकडे दुधी, लाल माठ आणि मिरचीच्या बियांची पाकिटं लावतात. खाला दरवर्षी दुधीचं बी नेतात, आणि ते पहिल्या ढिगात बसतं.