बुडापेस्ट: तीन दिवस, एक पंचा आणि १८५ युरो

जर्मनीतील हिवाळी सत्राच्या परीक्षा फेब्रुवारीअखेर संपल्या, तेव्हा माझ्या आणि माझ्या मैत्रिणीच्या अंगात नवे काही पाहण्याचे त्राण उरले नव्हते. आम्हाला केवळ विश्रांती हवी होती आणि ती माणशी २०० युरोंच्या आत बसवायची होती. म्युनिकहून बसने जाता येईल अशा शहरांपैकी आम्ही बुडापेस्ट निवडले, ते तेथील गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी. शहराच्या हद्दीत असे शंभरहून अधिक झरे आहेत. वज्रेश्वरीची कुंडे पाहिलेल्या माणसाला कल्पना नवी वाटणार नाही, मात्र येथे त्या पाण्याभोवती अख्ख्या शहराची दिनचर्या बेतलेली दिसते.

आम्ही रात्रीच्या बसने निघालो आणि सकाळी सातच्या सुमारास नेपलिगेट बसस्थानकावर उतरलो. हॉस्टेलची खोली दुपारी दोनला मिळणार होती. अशा वेळी बहुतेक जण डोळे चोळत शहरभर पायपीट करतात आणि पहिला दिवस वाया घालवतात. आम्ही बसमधूनच ठरवले होते की, थेट गरम झऱ्यांच्या पाण्याचे एखादे सार्वजनिक स्नानगृह गाठायचे. रात्रीच्या प्रवासाने आंबलेल्या अंगाला याहून चांगला उतारा नाही, आणि सामान ठेवायला तेथे कपाटही मिळते. पाठपिशवीपेक्षा मोठे सामान असल्यास ते आधी हॉस्टेलवर टाकावे. खोली मिळाली नाही तरी सामान ठेवून घेतात.

सर्वांना ठाऊक असलेले स्नानगृह म्हणजे सेचेनी. १९१३ साली उघडलेली ती पिवळी भव्य वास्तू आणि वाफाळत्या पाण्यात उभ्याने बुद्धिबळ खेळणारे आजोबा छायाचित्रांतून जगभर पोहोचले आहेत. (अमृता शेरगिल यांचा जन्म याच शहरात, त्याच वर्षी झाला.) परंतु तेथील तिकीट आता विद्यार्थ्याला परवडणारे राहिलेले नाही आणि गर्दीही फार असते. आम्ही दान्यूब नदीच्या पश्चिमेकडील बुडा भागात, मार्गित पुलाजवळच्या लुकाच स्नानगृहात गेलो. तेथील तिकीट बरेच कमी असून त्यावर दिवसभर थांबता येते. नेपलिगेटहून एम ३ मेट्रोने कोर्विन-नेज्येद स्थानकावर उतरून ४ किंवा ६ क्रमांकाची ट्राम धरली की पुलाच्या बुडाकडील टोकाला पोहोचता येते. पुढे चार-पाच मिनिटांची चाल आहे.

दारातच मनगटाला घड्याळासारखा पट्टा बांधतात. कपाट त्यानेच उघडते. स्वतःचा पंचा आणि रबरी चपला न्याव्यात, कारण तेथे दोन्हींचे भाडे किंवा किंमत अकारण मोजावी लागते. पोहण्याच्या तलावात टोपी सक्तीची आहे, औषधी पाण्याच्या कुंडांत नाही. आम्ही टोपी नेली नव्हती, त्यामुळे पोहणे राहिले. त्याचे विशेष दुःख झाले नाही. आतील कुंडांपैकी सर्वांत गरम कुंडाचे पाणी ४० अंशांच्या आसपास असते आणि त्याला गंधकाचा हलका वास येतो. आमच्याखेरीज तेथे बहुतेक निवृत्त मंडळी होती. त्यांतील काही जण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर उपचार म्हणून येतात. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. अंगणातल्या भिंतीवर मात्र बरे होऊन गेलेल्यांनी निरनिराळ्या भाषांत लावलेल्या संगमरवरी आभारपाट्या आहेत. नवस फेडल्यावर देवळात घंटा बांधावी, तसाच हा प्रकार वाटला. दुपारी एकपर्यंत आम्ही आळीपाळीने पाण्यात आणि बाकावर होतो.

राहण्याच्या जागेविषयी थोडे सविस्तर सांगते. स्वस्त हॉस्टेले मुख्यतः सातव्या प्रभागात आहेत आणि तेथेच पडक्या वाड्यांत थाटलेले प्रसिद्ध बार आहेत. ज्यांना पहाटेपर्यंत जागायचे आहे त्यांना ती जागा उत्तम. झोपायला आलेल्यांनी तेराव्या प्रभागात, मार्गित बेटासमोरच्या वस्तीत पाहावे. आम्हाला तेथे सहा खाटांच्या खोलीत तीन रात्रींसाठी माणशी ५० युरो पडले. नोंदणी करताना दिसणाऱ्या रकमेत ४ टक्के पर्यटन कर धरला आहे की नाही, हे तपासून घ्यावे.

पैशांच्या बाबतीत आमची एक चूक झाली. हंगेरी युरोपीय संघात असली तरी तिचे चलन फोरिंट आहे. आम्ही गेलो तेव्हा एका युरोला साधारण ४०० फोरिंट असा हिशेब होता. स्थानकावरच्या एका यंत्रातून ४०,००० फोरिंट काढताना 'रक्कम युरोत वळती करायची का' या प्रश्नाला मी झोपेत होकार दिला आणि खात्यातून १०० ऐवजी ११२ युरो गेले. त्या पडद्यावर नकार द्यावा, मग रूपांतर आपली बँक तिच्या दराने करते. तसेही कार्ड जवळपास सर्वत्र चालते, रोख थोडीच लागते.

प्रवासासाठी ७२ तासांचा पास घ्यावा. विमानाने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, १००ई या थेट बसला हा पास चालत नाही. २००ई बस आणि पुढे मेट्रो चालते. या पासावरचे सर्वांत स्वस्त मनोरंजन म्हणजे नदीच्या पूर्वेकडील पेस्ट भागाच्या किनाऱ्याने धावणारी २ क्रमांकाची ट्राम. दुसऱ्या दिवशी पाऊस होता, म्हणून आम्ही तीत बसून दान्यूब नदी, साखळी पूल आणि समोरच्या टेकडीवरचा राजवाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पाहिला. एम १ ही १८९६ सालची भुयारी रेल्वेही अशीच निवांत आहे: छोटे पिवळे डबे, पांढऱ्या फरशांची स्थानके आणि रस्त्यापासून जेमतेम एक जिना खाली.

संसद भवन आतून पाहिले नाही. तेथे युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या नागरिकांना तिकिटात मोठी सवलत आहे, पण आपल्यासारख्यांचा जर्मन निवास परवाना म्हणजे नागरिकत्व नव्हे. रात्री पलीकडच्या काठावरून दिसणारी रोषणाई फुकट असते. त्याच भवनाच्या दक्षिणेस, नदीच्या कठड्यावर लोखंडी बुटांच्या साठ जोड्या आहेत. १९४४-४५ मध्ये ज्यू नागरिकांना येथे बूट काढायला लावून नदीकाठी गोळ्या घालण्यात आल्या. एका लहान बुटात पावसाचे पाणी साचले होते आणि त्यात कोणीतरी ठेवलेले नाणे बुडाले होते. तेथे आम्ही फार वेळ थांबू शकलो नाही.

जेवणासाठी 'एतकेझ्दे' अशी पाटी शोधावी. ही आपल्याकडच्या खानावळीसारखी दुपारची साधी ठिकाणे असून कामाच्या दिवशी तेथे ठरावीक थाळी स्वस्तात मिळते. शाकाहाऱ्यांना 'फोझेलेक' हा पीठ लावून घट्ट केलेल्या भाजीचा प्रकार चालेल, मसुराचा तर घरच्या आमटीची आठवण करून देतो. मात्र 'हूश नेल्क्युल', म्हणजे मांसाशिवाय, असे आधी सांगावे. लांगोश हा भटुऱ्याचा लसूण, आंबट साय आणि चीज ल्यालेला भाऊ. एक दोघींत पुरतो.

तिसरा दिवस मार्गित बेटावर गेला. अडीच किलोमीटर लांबीच्या या बेटावर खासगी मोटारी जवळजवळ येत नाहीत, प्रवेश विनामूल्य आहे आणि बाक भरपूर. आम्ही मठाच्या अवशेषांपाशी ऊन खात पडलो होतो.

हिशेब असा: बसचे जाणे-येणे ५८ युरो, हॉस्टेल ५०, पास १५, स्नानगृह १७, खाणेपिणे व किरकोळ ४५. जर्मन निवास परवान्यावर वेगळा व्हिसा लागत नाही, पण सीमेवर तपासणी होऊ शकते, म्हणून परवाना व पासपोर्ट मूळ प्रतीत जवळ ठेवावेत. परतीसाठी आम्ही दिवसाची बस घेतली. उरलेल्या नाण्यांतून तुरो रुदी घेतल्या. लिंबाच्या वासाच्या गोड चक्क्यावर चॉकलेटचा पातळ थर दिलेली ही कांडी कोणत्याही किराणा दुकानाच्या शीतकपाटात मिळते. ती लगेच खायची असते. आम्ही चार म्युनिकला न्यायला घेतल्या होत्या, त्या साल्झबुर्ग येण्याआधीच चमच्याने खाव्या लागल्या.