चेंडू की फुगा?

खानापुरात आज दिवसभर पावसाची झड लागली होती, त्यामुळे दुकान लवकर बंद करून मी ब्लेंडर या संगणकावरील अ‍ॅनिमेशनच्या प्रणालीत उसळणारा चेंडू करण्याचा रखडलेला प्रयत्न पुन्हा हाती घेतला. सेकंदाला २४ फ्रेम (स्थिर चित्रे), म्हणजे मूळ मांडणीतल्या २५० फ्रेममध्ये जेमतेम दहा सेकंदांचे काम. पण माझा चेंडू जमिनीजवळ येताच कापसासारखा मंदावे आणि आपटण्याऐवजी अलगद टेके. “काका, ह्यो फुगा हाय की!” असे पुतण्याने सांगूनच टाकले. शेवटी बाजूच्या पट्टीतील इंटरपोलेशनच्या (मधल्या फ्रेम कशा भरायच्या त्या पद्धतीच्या) रकान्यावर माउसचा बाण ठेवून एफ१ दाबले, तेव्हा माहितीपुस्तिका ब्राउझरमध्ये उघडली. (ही सोय आधी कळली असती, तर व्हिडिओ पाहण्यात गेलेल्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.) दोन कीफ्रेममधला (चेंडूची जागा आपण ठरवून दिलेल्या फ्रेममधला) गतीचा वक्र मुळातच बेझिअर, म्हणजे गुळगुळीत वळणाच्या प्रकारचा असल्याने दोन्ही टोकांशी गती कमी होते, हे तेथे वाचले. मग हे वक्र दाखवणाऱ्या ग्राफ एडिटरमध्ये जमिनीला टेकणारी कीफ्रेम निवडली, व्ही दाबून वक्राला आकार देणारे हँडल ‘व्हेक्टर’ (सरळ रेषेचे) केले आणि वक्राची गोलाई जाऊन तेथे अणकुचीदार टोक आले. चेंडू टणकन उसळला. पुतण्याने तो अकरा वेळा पाहिला. बाराव्या वेळी वीज गेली.