‘तुमची सही कुठे कुठे आहे?’ : घरातल्या नादारीचा माझा अनुभव

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा माझ्या यजमानांच्या दुकानात प्लायवूड, रंग आणि हार्डवेअरचा सुमारे १४ लाखांचा माल होता. विम्याचे जे पैसे आले, ते त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. दुकान पुन्हा उभे करण्यासाठी त्यांनी बँकेची कॅश क्रेडिटची (लागेल तसे उचलायच्या कर्जाची) मर्यादा वाढवून घेतली, पतसंस्थेतून पाच लाख उचलले आणि ओळखीच्या सात माणसांकडून हातउसने घेतले. २०२३च्या पावसाळ्यापर्यंत एकूण देणे ३१ लाखांवर गेले होते. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, घरखर्चाचा हिशोब माझ्याकडे असतो. पण हा आकडा मला ‘६० दिवसांत कर्ज फेडा’ अशी बँकेची नोटीस दाराला चिकटवली गेली त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळला.

आमच्याकडे ‘दिवाळे काढले’ असे म्हणतात ते पैसे दडवून हात वर करणाऱ्या माणसाबद्दल. त्यामुळे यजमानांनी नादारीचा, म्हणजे देणी फेडणे शक्य नाही असे न्यायालयाला सांगून त्यांतून मुक्तता मागण्याचा, अर्ज करण्याचा विषय काढला, तेव्हा सासूबाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मलाही त्या शब्दाची लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती: माझा पगार जाईल का, मंगळसूत्र जाईल का, मुलाच्या डोक्यावर बापाचे कर्ज बसेल का?

तालुका विधी सेवा समितीकडे मी एकटीच गेले. १९८७च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे मला शाळेतल्या एका सहकारी बाईंकडून समजले होते. तिथल्या वकीलबाईंनी माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, “तुमची सही कुठे कुठे आहे?”

त्या प्रश्नावरच पुढचे सगळे उभे राहिले. नवऱ्याच्या कर्जाला बायको केवळ बायको म्हणून बांधलेली नसते. माझा पगार, माझा भविष्य निर्वाह निधी आणि माझे स्त्रीधन माझेच होते. मुलाबद्दल त्यांनी सांगितले की बापाचे कर्ज फेडणे हे हिंदू मुलाचे धार्मिक कर्तव्य मानून त्याला जबाबदार धरण्याची जुनी रीत २००५च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांना लागू होत नाही, आणि वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मिळकतीपुरतीच असते. पण टेम्पोच्या कर्जावर मी सहकर्जदार म्हणून सही केली होती, ते २ लाख ८० हजार माझेही देणे होते. आणि पतसंस्थेच्या पाच लाखांना माझे धाकटे दीर जामीनदार होते. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि कर्जदाराला नादारीतून मुक्तता मिळाली तरी जामीनदार सुटत नाही. भावोजी दापोलीला नोकरी करतात, त्यांची दोन मुले लहान आहेत. त्या दिवशी घरी परतताना माझ्या मनात फक्त त्यांचाच विचार होता.

कायद्याबद्दलही आमचा मोठा गैरसमज होता. २०१६ची नादारी व दिवाळखोरी संहिता सर्वांना लागू झाली आहे असे आम्हाला पुष्कळांनी सांगितले होते. प्रत्यक्षात तिचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरता अमलात आला आहे. माझ्या यजमानांसारख्या कोकणातल्या दुकानदाराला अजूनही १९२०चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो; मुंबई शहरासाठी १९०९चा वेगळा कायदा आहे.

अर्जासोबत प्रत्येक देणेकऱ्याचे, म्हणजे ज्याचे पैसे आपण देणे लागतो त्याचे, नाव, पत्ता व रक्कम आणि स्वतःच्या प्रत्येक मालमत्तेची किंमत लिहून द्यावी लागते. ती यादी करायला आम्हाला तीन रविवार लागले, आणि आमच्या लग्नाच्या २३ वर्षांत एकमेकांशी इतके खरे आम्ही त्यापूर्वी बोललो नव्हतो असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. यादीत शेजारच्या काकूंचे ४० हजार आले. काकू विधवा आहेत, पैसे त्यांनी भिशीतून दिले होते. त्यांचे नाव वगळून त्यांना गुपचूप परत द्यावे असे यजमानांना फार वाटत होते, पण वकीलबाईंनी ठाम नकार दिला: अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एका देणेकऱ्याला झुकते माप दिले तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो, आणि यादीत लपवाछपवी करणे हा गुन्हा आहे. न्यायालयाची नोटीस काकूंना जाण्यापूर्वी आम्ही दोघे त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो आणि सर्व सांगितले. ते सांगणे मला न्यायालयातल्या कोणत्याही तारखेपेक्षा कठीण गेले.

घराच्या बाबतीत नातेवाइकांचा सल्ला एकमुखी होता, “हिस्सा बायकोच्या नावावर करून टाक.” नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतरण रिसीव्हरच्या (नादाराची मालमत्ता ताब्यात घेऊन विकायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाच्या) मागणीवरून रद्द होऊ शकते, हे मी प्रत्येकाला समजावून सांगितले, आणि काहींना ते आजही पटलेले नाही.

भावोजींच्या जामिनकीवर मात्र मार्ग निघाला. यजमानांच्या पैशांतून पतसंस्थेचे कर्ज आधी फेडता येत नव्हते, पण माझ्या पैशांतून मला कोणी अडवू शकत नव्हते. मी माहेरचे दागिने मोडले, सराफाकडून रक्कम धनादेशाने माझ्या एकटीच्या खात्यात घेतली, भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली आणि माझ्या खात्यातून पतसंस्थेचे कर्ज बंद केले. पैसा कुणाचा हे कागदावर दिसले पाहिजे, असे वकीलबाई सारख्या बजावत होत्या. कायद्याने मी ते पाच लाख देणे लागत नव्हते, परंतु ज्या माणसाने आमच्यावर विश्वास ठेवून सही केली त्याच्या पगारावर जप्ती येऊ देणे मला मान्य नव्हते.

बँकेला नादारीच्या अर्जाने काहीच फरक पडला नाही, कारण तारण घेतलेला देणेकरी तारण विकून आपले पैसे घेऊ शकतो. दुकानाचा गाळा लिलावात साडेदहा लाखांना गेला आणि उरलेल्या साडेपाच लाखांसाठी बँक इतर देणेकऱ्यांच्या रांगेत आली. २०२४ मध्ये यजमान नादार ठरले, राजपत्रात त्यांचे नाव छापून आले आणि त्यांची मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात गेली. त्यात मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली दीड लाखांची मुदत ठेवही होती. आमच्या मनात ती मुलीची असली तरी पावतीवर नाव त्यांचे होते. घर आणि लहानशी काजूची बाग सामायिक सातबाऱ्यावर चौघांच्या नावे होती, म्हणून रिसीव्हरकडे फक्त यजमानांचा हिस्सा गेला, आणि तो वन्संनी मूल्यांकनाप्रमाणे चार लाख साठ हजार भरून रीतसर विकत घेतला. घरातली भांडी, अंथरुण-पांघरुण, कपडे, माझे मंगळसूत्र आणि यजमानांची आयुर्विमा पॉलिसी यांना हात लागला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये त्यांना जप्तीतून सूट आहे.

मुक्तता मिळेपर्यंतचा काळ यजमानांना जड गेला. ५० रुपये किंवा त्याहून अधिक उधार घेताना आपण नादार आहोत हे समोरच्याला सांगितले नाही तर तो गुन्हा ठरतो, आणि ही रक्कम कायद्यात आजही तेवढीच आहे. किराणा दुकानातली आमची वही त्यांनी स्वतः जाऊन बंद केली. मुलाच्या शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून मी सही केली, पण त्याआधी अर्जाचे प्रत्येक पान वाचले आणि मुलालाही वाचायला लावले.

शेवटचा अडथळा अनपेक्षित होता. सर्व विकून, खर्च वजा जाता, देणेकऱ्यांना रुपयामागे ४८ पैसे मिळाले. मालमत्ता बिनतारणी देण्याच्या रुपयामागे आठ आण्यांइतकीही नसेल तर न्यायालय विनाशर्त मुक्तता देत नाही, अपवाद एवढाच की ही स्थिती ज्याबद्दल नादाराला न्यायाने दोष देता येणार नाही अशा कारणांनी आली आहे हे त्याने पटवून द्यावे. तेव्हा २०२१च्या पुराचा पंचनामा कामी आला. तो कागद यजमानांनी चिखलातून वाचवलेल्या हिशोबाच्या वह्यांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. वह्या व्यवस्थित ठेवलेल्या असणे हाही त्या कायद्यात तपासला जाणारा मुद्दा आहे, आणि त्यांच्या वह्या नीट होत्या.

मुक्ततेचा आदेश झाला. जीएसटीची थोडी बाकी सरकारी देणे असल्यामुळे त्यातून सुटली नाही. टेम्पो विकून उरलेल्या कर्जाचे हप्ते माझ्या पगारातून चालू आहेत. यजमान आता दुसऱ्याच्या दुकानात हिशोब लिहितात. काकूंच्या ४० हजारांपैकी १९ हजार २०० त्यांना रिसीव्हरकडून मिळाले होते, आणि बाकीचे कायद्याने आता देणे राहिलेले नाही. आदेशानंतरच्या पहिल्या पगाराच्या दिवशी यजमान दोन हजार घेऊन त्यांच्याकडे गेले आणि काकूंच्या वहीत तारीख व रक्कम त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली.