कुंवार माश्या

आईने फोनवर विचारलं, "आज रविवार ना, मग कसली लॅब?" म्हटलं, कुंवार माश्या वेचायच्यात. पलीकडे बराच वेळ शांतता.

तर झालंय असं, की आमच्या लॅबमध्ये फळमाश्या आहेत, पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्याच. संकर करायचा तर मादी नराला भेटलेली नको. २५ अंशांना कोषातून निघाल्यावर साधारण ८ तासांच्या आत तिला वेगळं काढायचं. म्हणून सकाळ-संध्याकाळ हजेरी. कार्बन डायऑक्साइड देऊन माश्या बेशुद्ध करायच्या आणि मायक्रोस्कोपखाली ब्रशने नर-माद्या निवडायच्या. तांदूळ निवडण्यासारखंच, फक्त इथले खडे शुद्धीवर येऊन उडून जातात.

सोबतीला या उन्हाळ्यात पदवीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या 'आरईयू' योजनेतून आलेली: साधारण १० आठवडे प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन, वर विद्यावेतन. (मुलांना पदवीसाठी इकडे धाडणाऱ्यांनो, हे पैसे अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतात. आपल्या मुलांना प्राध्यापकांच्या ईमेलची दारं ठोठवावी लागतात.)

दुसऱ्याच आठवड्यात या बाई झोपून राहिल्या. उशिरा वेचलेल्या माद्या तशाच वापरल्या, आणि १० दिवसांनी पुढची पिढी भलत्याच डोळ्यांची. मला घाम फुटला. प्राध्यापकांनी तिला एवढंच विचारलं, "त्या दिवशी किती वाजता आलीस, ते वहीत आहे?" होतं. ११:४०.

पुण्यात बी.एस्सी.ला केमिस्ट्रीचं टायट्रेशन चुकलं की आम्ही शेजारचं रीडिंग थोडं 'ॲडजस्ट' करून जर्नल पूर्ण करायचो. उत्तर सरांना ठाऊक, आम्हाला ठाऊक, गेल्या वर्षीच्या जर्नललाही ठाऊक. इथे माश्या काय दाखवणार, ते प्राध्यापकांनाही माहीत नसतं. मग वहीत खोटं लिहून फसवणार कुणाला?

तिचा चेहरा पडलेला बघून तिला कोलंबिया विद्यापीठातल्या मॉर्गन या आनुवंशिकीच्या प्राध्यापकांच्या माश्यांच्या खोलीची गोष्ट सांगितली. १९११ मध्ये स्टर्टेव्हंट या पदवीच्या विद्यार्थ्याने कॉलेजचा गृहपाठ बाजूला सारून एका रात्रीत गुणसूत्राचा, म्हणजे त्यावर जनुकं कुठल्या क्रमाने बसलीत याचा, पहिला नकाशा मांडला. ब्रिजेस हा दुसरा विद्यार्थी तर तिथे बाटल्या धुवायला लागलेला. जाड काचेतूनच त्याला वेगळ्या डोळ्यांची माशी दिसली होती.

तिने सिंककडे पाहिलं. "म्हणजे ११० वर्षं झाली, तरी बाटल्या अजून आमच्यासारखेच धुतायत?"