आठ महिने मी पुरुष होते

दादरच्या पोर्तुगीज चर्चमागच्या गल्लीत माझा जन्म गेला. टॅक्सीवाल्याला, कुरिअरवाल्याला, पाहुण्यांना ‘पोर्तुगीज चर्चजवळ’ असं हजारदा सांगून झालं असेल. चर्चचं खरं नाव वेगळंच आहे आणि आताची इमारत चार्ल्स कोरियांच्या आराखड्यातली, पण गोखले रोडवर ते खरं नाव विचाराल तर कुणी ढिम्म हलणार नाही. पोर्तुगीज मात्र मला एक शब्द येत नव्हता. म्हणजे पाव, बटाटा, साबण, चावी सोडून.

मग ऑफिसात माझ्याकडे ब्राझील आलं, म्हणजे पोर्तुगीज बोलणारी माणसं. न्हावा शेवाहून सांतोसला जाणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं. साओ पावलोकडची घड्याळं आपल्या साडेआठ तास मागे, त्यामुळे त्यांचे सकाळचे 10 म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसहा. अंधेरीत सगळे लोकल पकडायला निघतात तेव्हा माझं खरं काम सुरू. तिकडच्या बीएलवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवर, माल घेणाऱ्या कंपनीचा 14 आकडी नोंदणी नंबर (सीएनपीजे) लागतो आणि माल कुठल्या प्रकारचा ते सांगणारा एनसीएम कोड लागतो. एकदा तो कोडच माझ्याकडून राहिला. सांतोसच्या ऑफिसातल्या बाईंनी ड्राफ्टमध्येच पकडला, नाहीतर दंड आणि बोलणी दोन्ही माझ्या नावावर. मी फोनवर ‘मुइतो ओब्रिगादो, मुइतो ओब्रिगादो’ (खूप खूप आभार) करत लोटांगणच घातलं.

पलीकडे जरा शांतता. मग त्या हसत म्हणाल्या, “ओब्रिगादा. तू बाई आहेस ना?”

बोलणारा पुरुष असेल तर ओब्रिगादो, बाई असेल तर ओब्रिगादा. समोर कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. मी तो शब्द यूट्यूबवरच्या एका दाढीवाल्या मास्तरांकडून उचलला होता, त्यांच्या दाढीसकट. आठ महिने, रोज, सगळ्या सांतोसला. आणि हीच मी, भाची ‘मी आली’ म्हणाली की स्वयंपाकघरातून ओरडते, “आली नाही गं, आले!”

शब्दाचा मूळ अर्थ ‘बांधलेला’, ‘बांधलेली’. तुम्ही माझं काम केलंत, मी तुमच्याशी बांधली गेले. ‘मी तुमची ऋणी आहे’ म्हणताना ‘तुमचा’चं ‘तुमची’ होतं, तसंच हे. मला हा शब्द आपल्या ‘आभारा’पेक्षा बरा वाटतो. आभार म्हटलं की मला आभारप्रदर्शनच आठवतं, ते सुरू झालं की मागच्या रांगेतली माणसं चपला शोधायला लागतात. (जपानी ‘अरिगातो’ हे ओब्रिगादोवरूनच आलं, असा एक फॉरवर्ड ऑफिसच्या ग्रुपवर फिरतो. खोटं आहे. पोर्तुगीज जपानला पोचले 1543 मध्ये, तो शब्द त्याच्या कितीतरी आधीचा.)

उत्तराचीही एक गंमत. पुस्तकात ‘दे नादा’ असतं, म्हणजे ‘काही नाही हो’. सांतोसच्या बाई ते ‘जी नादा’ म्हणतात. पहिल्यांदा मला वाटलं, हिंदीतला ‘जी’ लावून मान देतायत. पण बहुतेक वेळा त्या म्हणतात, “इमाजिना!” शब्दशः ‘कल्पना कर’. कसली कल्पना करू? वहीत मी त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

नाताळात शेजारच्या गोव्याच्या आंटींकडून नेवऱ्या आणि दोदोल आले. (नाताळ हाही शब्द त्यांचाच, पोर्तुगीज ‘नाताल’.) आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, म्हणून तो संक्रांतीपर्यंत ओट्यावरच राहिला. मग आईने त्यात तिळाचे लाडू भरले आणि मला घेऊन दारात उभी राहिली. आंटींनी डबा उघडून पाहिला. त्या पोर्तुगीज शिकलेल्या घरातल्या, पण ओब्रिगादा वगैरे नाही. म्हणाल्या, “देव बरें करूं.” म्हणजे फेड त्यांनी सरळ देवावरच सोपवली.

आईने हात झटकला. “इश्श, काहीतरीच काय!”

मी घरात जाऊन आधी वही काढली आणि इमाजिनासमोरचं प्रश्नचिन्ह खोडलं.